लेव्हल टूच्या आधी, मनूला

डेन्व्हर, कोलोरॅडो

प्रिय मनू,

तू पाठवलेली ओपनरॉकेटची, म्हणजे त्या रॉकेट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, फाइल काल रात्री सावकाश पाहिली. डिझाइन देखणं आहे. ५४ मिलिमीटरची सडपातळ नळी, शेपटीला पातळ फिन, ‘जे’ वर्गाची मोटर आणि सिम्युलेशनमध्ये १०,००० फुटांच्या वर गेलेली रेघ. ती बघून मलाही भरून आलं. तरीसुद्धा लेव्हल टूचं सर्टिफिकेशन, म्हणजे मोठ्या मोटरी उडवायच्या परवानगीची दुसरी पायरी, या रॉकेटवर करू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

सर्टिफिकेशनला उंचीचे गुण नसतात. लेखी पेपर तू सहज काढशील. उड्डाणाच्या दिवशी तपासणारा माणूस बघतो ते एवढंच: रॉकेट नीट वर गेलं का, पॅराशूट वेळेवर उघडलं का, आणि तू ते शोधून त्याच्यासमोर आणून ठेवलंस तेव्हा नवी मोटर घालून पुन्हा उडवण्याच्या अवस्थेत आहे का. फिन तुटली, नळी फाटली किंवा रॉकेट सापडलंच नाही, तर नापास. मग त्या १०,००० फुटांचं करायचं काय?

हिशेब करून बघ. मोठं पॅराशूट वरच उघडलं, तर रॉकेट सेकंदाला साधारण २० फुटांनी उतरतं. म्हणजे खाली यायला आठ मिनिटांहून जास्त. वारा ताशी १५ मैल असला, आणि पॉनी ग्रासलँडच्या त्या उघड्या माळावर तो असतोच, तर तेवढ्या वेळात रॉकेट दोन मैल लांब जाईल. म्हणून तू ड्युअल डिप्लॉयमेंट धरलंयस, शिखरावर छोटं ड्रोग पॅराशूट आणि जमिनीपासून ७०० फुटांवर मोठं पॅराशूट, हे बरोबरच आहे. पण मग बारुदाचे दोन चार्ज आले, उंची ओळखून ते उडवणारा अल्टिमीटर आला, बॅटरी, वायरी, सांधा धरणाऱ्या आणि चार्ज उडाला की तुटणाऱ्या शिअर पिना, हवेचा दाब कळावा म्हणून नळीला पाडायची भोकं आली. यातलं काहीही तू आजवर उडवलेलं नाहीस. लेव्हल वनला तुझ्या एच मोटरच्याच चार्जने पॅराशूट बाहेर टाकलं होतं.

गेल्या हंगामात तू नव्हतीस तेव्हा माळावर एक सुरेख फायबरग्लासचं रॉकेट गेलं. वर जाताना इतकं सरळ की लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिखरावर धुराचा एक छोटा ठिपका दिसला, म्हणजे चार्ज उडाला, पण सांधा सुटला नाही. शिअर पिनांच्या मानाने बारूद कमी पडली होती. मग माइकवरून ‘हेड्स अप’ची, म्हणजे वर बघा, सांभाळा, अशी हाक आली आणि सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले, हात वर करून एकमेकांना दाखवायला लागले. आधी काहीच दिसेना. मग शिट्टीसारखा आवाज वाढत गेला आणि गाड्यांच्या रांगेपासून बऱ्याच अंतरावर ते जमिनीत घुसलं. आम्ही गेलो तेव्हा फक्त फिन वर होत्या. कुणाला काही झालं नाही. पण तेवढी काही सेकंदं माझ्या पोटात जो गोळा आला, तो मला तुझ्या रॉकेटच्या वेळी नकोय.

तू म्हणशील, बाबा घाबरतात. घाबरतो, आणि त्यात गैर काही नाही. आपला हा छंद याच भीतीतून निघाला आहे. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑर्व्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं. त्यांनी आणि त्यांच्या भावाने १९५४ साली कागदी नळीचं, बदलता येणाऱ्या मोटरचं, पॅराशूटने उतरणारं रॉकेट बनवलं. त्यानंतर तीन वर्षांनी स्पुटनिक गेला आणि अमेरिकेतली पोरं धातूच्या नळ्यांमध्ये घरचं मिश्रण ठासून उडवायला लागली. कित्येकांनी बोटं गमावली, काहींनी जीव. रॉकेटतज्ज्ञ जी. हॅरी स्टाइन यांनी कार्लाइल यांचं रॉकेट पाहिलं आणि यातला सुरक्षित मार्ग ओळखला. पुढे याच डेन्व्हरमध्ये व्हर्न एस्टेस यांनी ‘मेबल’ नावाचं यंत्र बांधून मोटरी एकसारख्या दाबून काढल्या. तू लहानपणी सी६-५ म्हणून घोकायचीस त्या छोट्या मोटरी आजही पेनरोझच्या एस्टेस कंपनीच्याच. मोटर बदला, रॉकेट तेच पुन्हा उडवा, हे कार्लाइल यांच्या रॉकेटमध्ये पहिल्यापासून होतं, आणि लेव्हल टूचा तपासणारा आजही तेच बघतो.

प्रत्येक अक्षराला ताकद दुप्पट होते हे तुला पाठ आहे, पण मोजून बघ: सीची कमाल १० न्यूटन-सेकंद, जेची १,२८०. एकशे अठ्ठावीस पट. अमोनियम परक्लोरेटच्या मिश्रणावर चालणाऱ्या या मोठ्या मोटरी कायद्याने स्फोटक ठरू नयेत म्हणून नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली या हौशी रॉकेटवाल्यांच्या दोन्ही संघटना वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. २००९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, म्हणून तुला ही मोटर आज इतक्या सहज मिळते. तेव्हा सेफ्टी ऑफिसरने नाही म्हटलं तर वाद घालू नकोस.

आता फाइलमधल्या चुका. वजनं तू कॅटलॉगमधली टाकली आहेस. इपॉक्सी आणि रंग धरलेले नाहीत, आणि इपॉक्सी जास्त लागते ती फिनच्या मुळाशी, म्हणजे शेपटीला. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मागे सरकणार. मोटर भरून रॉकेट दोरीवर तोल, सीजी प्रत्यक्ष काढ आणि त्याची खूण नळीवर सीपीच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या मध्याच्या, खुणेबरोबरच कर. दोन खुणांत किमान एका व्यासाचं अंतर हवं. साताऱ्याला दिवाळीत आम्ही बाटलीत रॉकेट ठेवायचो. काडी मोडलेली असली की ते हमखास कुणाच्या तरी गॅलरीत शिरायचं. ती हलकी, लांब काडी सीपी मागे ओढते, फिनचंच काम करते, हे मला इथे येऊन सीपी काढायची जेम्स बॅरोमन यांची समीकरणं वाचताना कळलं. आजीला मी ते फोनवर समजावलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

माझं म्हणणं असं. सर्टिफिकेशनसाठी चार इंची नळी घे, छोटी जे मोटर, ३,००० फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीवर जाड रॉकेट डोळ्यांनी शेवटपर्यंत दिसतं. ड्युअल डिप्लॉयमेंट त्यातच शीक, म्हणजे काही बिघडलं तर काय बिघडलं हे कळेल तरी. ती सवय अंगवळणी पडली की तुझं सडपातळ रॉकेट ऑक्टोबरात नेऊ. ट्रॅकर मी घेऊन देतो, आणि माळ तुडवायलाही येतो.

सुट्टीला येशील तेव्हा ग्राउंड टेस्ट, म्हणजे जमिनीवरच चार्ज उडवून बघणं, आपल्याकडे नको, शेजारी पोलीस बोलावतील. माळावरच करू, उड्डाणाच्या आदल्या दिवशी. पॅराशूटला टाल्कम पावडर लाव, म्हणजे घडी पटकन सुटेल. अल्टिमीटरची बॅटरी नवी आण आणि जुन्या ड्रॉवरमधली घालू नकोस.

नवीन फाइल रविवारपर्यंत पाठव, तराजूवर केलेल्या वजनांची.

तुझा,
बाबा