गुलाबी मणी ओवण्याआधी

मा. संपादक,

ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की नवी मुंबईतल्या प्रदर्शनांत त्यांच्या रंगाच्या काचमण्यांच्या ‘फ्लेमिंगो माळा’ मांडल्या जातात. दिसतात सुरेख, पण अनेकींचा रंग पहिल्या उन्हाळ्यातच उडतो. दोष हाताचा नसतो, मण्यांचा असतो. अस्सल गुलाबी काचेत सोन्याचा अंश घालतात, म्हणून ती महाग. स्वस्त पाकिटातला गुलाबी बहुधा वरून चढवलेला, नाहीतर पारदर्शक मण्याच्या भोकात आतून फासलेला. वरचा घामाने आणि अत्तराने जातो, आतला उन्हाने आणि दोरा घासून. जांभळ्याचीही तीच गत.

पारख सोपी आहे. पाच-सहा मणी ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रात्रभर ठेवा. आणखी थोडे चिकटपट्टीवर लावून अर्ध्यांवर काळा कागद झाका आणि पंधरा दिवस खिडकीत उन्हाला ठेवा. उघडे आणि झाकलेले एकसारखे राहिले तरच पुढे जा.

दुसरी चूक एकाच गुलाबीची. मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो) या जातीचे अंग जवळपास पांढरे. लाली पंखावर, आणि उडताना दिसणारी कडेची पिसे काळी. फोटोवरून रंग ठरवू नका, त्यात गुलाबी हमखास वाढवलेला असतो. 16 इंची तीन पदरी माळेला 11 नंबरचे, म्हणजे सुमारे 2 मिलिमीटर व्यासाचे, साधारण 900 मणी लागतात. वजन 8-9 ग्रॅम भरते. वेडेवाकडे आणि बुजलेल्या भोकाचे निवडून टाकावे लागतात, म्हणून 12 ग्रॅम घ्या: 6 दुधी पांढरे, 3 फिके गुलाबी, 2 लालसर, 1 काळे. ताटलीत कालवा आणि सुईला येतील तसे ओवा. काळे मात्र लागोपाठ येऊ देऊ नका, मंगळसूत्र दिसायला लागते!

तंगुसात ओवलेली माळ गळ्यावर पडत नाही, कमानीसारखी उभी राहते. नायलॉनचा मऊ दोरा घ्या आणि ओवण्याआधी ताणून घ्या, नाहीतर आठवड्यात मण्यांत फटी पडतात. पारदर्शक मण्यांत काळा दोरा नको, गुलाबी मळकट दिसतो. शेवटी 2 मिलिमीटर ढील ठेवून दुहेरी गाठ मारा आणि दोरा मागच्या सहा-सात मण्यांतून परत काढा. नुसत्या गोंदावर भिस्त ठेवलेली गाठ सुटते.

खंड्या पक्ष्याच्या रंगाची माळ करायची तर त्या निळ्याचे गणित वेगळे. त्याच्या पाठीच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश तसा विखुरतो. म्हणून गच्च निळा मणी तिथे मेलेला वाटतो. आतून चांदीचा मुलामा दिलेला पारदर्शक निळा घ्यावा. आपल्या दमट हवेत मुलामा काळवंडतो, तेव्हा माळ झिपच्या पिशवीत ठेवावी.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक विनंती: दागिन्याच्या चिठ्ठीवर ‘काचेचा रंग’ की ‘चढवलेला रंग’ एवढे लिहायला लावावे. चढवलेल्या रंगाची माळ विकायला हरकत नाही. ती आंघोळीआधी काढायची असते, हे घेणारीला आधी कळायला हवे.

– मणीकाम शिकवणाऱ्या काही जणी, ऐरोली