पार्ट मागवण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल "विकून टाक ती गाडी" असं मी म्हणाले आणि तू फोन ठेवलास. विकायची नाही हे तुझं ठरलंय, तर ठीक. दादांची गाडी आहे, मला काय कळत नाही का! पण पहिल्या दाबाला ब्रेकचं पेडल खाली जातं, दोनदा पंप मारला की वर येतं, हे तू हसत हसत सांगितलंस. ते काही डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. ब्रेकचं एकदाच सांगते आणि मग पार्ट कसे शोधायचे त्याकडे वळते.

पंप मारल्यावर पेडल वर येत असेल तर बहुधा ब्रेकच्या लाइनमध्ये एअर, म्हणजे हवा, आहे, नाहीतर मागचे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत. आधी शू ॲडजस्ट कर, मग एअर काढ. पाय एकसारखा दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बुडत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याची, आतली रबरं गेली असं धर. टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत असेल तर ड्रम काढ आणि चाकातल्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचलून बघ. आत ऑइल साचलेलं दिसलं की तो गेला. मास्टर बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जिथे बसतो तिथेही बोट फिरव. तिथली गळती बूस्टरच्या पोटात जाते, जमिनीवर थेंबसुद्धा पडत नाही. हे सगळं होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस. झालं, ब्रेकचं संपलं.

आता तुझा मेकॅनिक म्हणतो, "हा पार्ट बंद झाला." पुष्कळदा पार्ट बंद झालेला नसतो, त्याचा नंबर बदललेला असतो. कंपनी एखादी सुधारणा करते, जुना नंबर रद्द करून नवा देते, कधी नुसतं शेवटचं अक्षर बदलते. म्हणून काउंटरवर "हा आहे का?" एवढंच विचारून परत फिरू नये, "या नंबराच्या जागी कुठला आला?" असं विचारावं. नुसतं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. त्याच सालात मधूनच ब्रेक किंवा गिअरबॉक्स बदललेला असतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही लिहून ने. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असेल तर त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, तेव्हा गोल दिसेल ते शून्य समज. फार जुन्या गाड्यांत तो आखूड असतो.

आणखी एक. बीडावर ओतीव अक्षरांत जो आकडा असतो तो पुष्कळदा साच्याचा नंबर असतो, पार्टचा नव्हे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन सिलिंडरांना आत वेगवेगळ्या मापाचं भोक पाडलेलं असू शकतं. नुसता तो आकडा जुळला म्हणून वस्तू घेऊ नकोस.

गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक एकाचा, डायनॅमो दुसऱ्याचा, क्लच तिसऱ्याचा. जुना पार्ट घासून साफ केलास की त्यावर बनवणाऱ्याचा शिक्का आणि त्याचा स्वतःचा नंबर सापडतो. त्या नंबराने शोधलंस तर बऱ्याचदा तीच वस्तू दुसऱ्या खोक्यात मिळते. त्याच इंजिनावर एखादी व्हॅन किंवा पिकअप निघाली होती का, तेही बघ. मालवाहू गाड्या पुष्कळदा वर्षानुवर्षं बनत राहतात, त्यामुळे त्यांचे पार्ट कार बंद झाल्यावरही मिळतात.

बेअरिंगला तर गाडीचं नावच सांगावं लागत नाही. ६२०३ म्हणजे आत १७, बाहेर ४०, जाडी १२ मिमी. ६२०४ म्हणजे २०, ४७, १४. मापं जगभर हीच. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले की पाचाने गुणायचे, आतलं माप मिळतं. मागे टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याच्या चकत्या. डायनॅमोचं बेअरिंग वाजतंय म्हणून अख्खा डायनॅमो शोधत बसायची गरज नाही. ऑइल सीलही तसाच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, ३५-५०-८ असं. व्हर्नियरने माप शाफ्टचं आणि सील बसतो त्या घराचं घे, जुन्या सीलचं नको, तो फुगलेला किंवा आकसलेला असतो. इंजिनच्या तोंडाशी उष्णता जास्त, तिथे साध्या नायट्रिल रबराचा घेण्यापेक्षा व्हायटॉन रबराचा घे. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. डायनॅमोच्या पट्ट्यावर ४पीके८५० लिहिलं असेल तर ४ रेघा, लांबी ८५० मिमी, बस.

तू लहानपणी नटबोल्ट वेगळे करायला बसायचास, मापाप्रमाणे ओळीत लावायचास आणि एक जरी जास्तीचा निघाला तरी जेवायला उठायचा नाहीस. दादा तुला रागवायचे नाहीत, मला मात्र रागवायचे, की त्याला घाई करू नकोस. हेडलाइटला तू रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवलास ते गेल्या खेपेला बघितलं मी. ३०, ८५, ८६, ८७ सगळे पॉइंट जिथल्या तिथे, फ्यूज बॅटरीजवळ, वायर कुठे घासत नाही. चोख काम आहे.

भंगारातल्या गाडीवरून काय घ्यायचं? काचा, दाराची हँडलं, काच वर-खाली करायची यंत्रणा, स्विच, बिजागऱ्या, डॅशबोर्डचे तुकडे. हे नवं मिळत नाही आणि जुनं बिनधास्त चालतं. घेताना ब्रॅकेट, बोल्ट आणि वायरचा कनेक्टर वीतभर वायरीसकट काप. पार्ट मिळतो पण त्याचा एक वेडावाकडा क्लिप मिळत नाही, आणि काम तिथे अडतं. घ्यायचं नाही ते: टायमिंग बेल्ट, सीट बेल्ट आणि ब्रेकमधलं रबर असलेलं काहीही. टायमिंग बेल्टचं ऐक, बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्ट बदलशील तेव्हा तो ताणून धरणारा टेन्शनरही बदल, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही.

आले पुन्हा ब्रेकवर. नाही म्हटलं तरी येतेच. जुन्या साठ्यातलं, सील न उघडलेलं कंपनीचं खोकं मिळालं की माणूस हुरळतो, तूही हुरळशील. आतलं लोखंड नवं असतं, पण रबर खोक्यातही म्हातारं होतं. असा मास्टर मिळाला तर घे, पण खोलून त्यात ताजं रबर किट घाल. होज पाइप मात्र जुन्या साठ्यातला घेऊच नकोस. होज आतून सुजला की ऑइल दाबाने पुढे जातं, परत येत नाही. ब्रेक चिकटतो, चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते आणि आपण चाकाजवळच्या कॅलिपरला दोष देत बसतो.

मास्टरच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप जुळलंच पाहिजे. १९.०५ मिमीच्या जागी २०.६४ चा मास्टर बाहेरून तसाच दिसतो, बोल्टही बसतात. पण क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं, तेवढा पायाला जोर जास्त. पेडल कडक लागतं, वाटतं ब्रेक सुधारला. सुधारलेला नसतो. मागच्या व्हील सिलिंडरचं माप चुकून मोठं आलं तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

ब्रेक पाइपच्या नटाचे आटेही बघ. १० मिमीचा, आट्यांमध्ये १ मिमी अंतर असलेला एक, आणि ३/८ इंचाचा, इंचाला २४ आट्यांचा दुसरा. डोळ्यांना फरक कळत नाही. इंचाचा नट मिमीच्या भोकात सैलसर जातो, बसला असं वाटतं आणि शेवटच्या आवळीला आटे जातात. पाइपचं तोंडही दोन तऱ्हेचं, एक फुगवलेलं, एक आत दुमडलेलं. एकाच्या जागी दुसरं गळणारच.

एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबू नकोस, खाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या मास्टरच्या टोकाला, जिथे रबर कधी जात नाही, तिथे गंज धरलेला असतो. पेडल पूर्ण दाबलं की रबर त्यावर घासून फाटतं.

फार बोलले. तुला यातलं अर्धं माहीत असेल, आणि तू काही कुकुलं बाळ नाहीस. रागावू नकोस. डिकीत स्टेपनीखाली दादांची निळी वही आहे, त्यात बऱ्याच पार्टचे नंबर आहेत. मास्टरचं बोअर, नटाचे आटे, पाइपच्या तोंडाचा फोटो, एवढं मला पाठव. मग मागव.

तुझी,
आई

ता. क. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४, टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल ते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्यात मिसळायचं नाही. ५.१ हे नाव सारखं असलं तरी वेगळं, ते ३-४ च्याच जातीचं. उघडून ठेवलेला डबा वापरू नकोस, हवेतलं पाणी ओढतो. आणि रबरं पेट्रोलने पुसू नकोस, फुगतात.