न्यूकॅसलचे चौदा जिने

लंडन,
सोमवार, 4 नोव्हेंबर 2024

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

दादा-वहिनींना नमस्कार सांग आणि आईच्या पायांना माझ्या वतीने हात लाव. फराळाचं पार्सल पोचलं, एकही चकली मोडली नाही, हे वहिनींना मुद्दाम सांग. भाऊबीज काल फोनवरच झाली. दादाला म्हणावं, ओवाळणी राखून ठेव.

पाडव्याच्या संध्याकाळी सहाला तू टीव्हीसमोर बसलास, तेव्हा इथे दुपारचे साडेबारा वाजले होते. आपलं आर्सेनल, लंडनचा फुटबॉल क्लब, उत्तरेकडच्या न्यूकॅसलमध्ये 1-0 हरलं ते तू पाहिलंसच. पण तुझा प्रश्न वेगळा होता. वरच्या कोपऱ्यात ते आर्सेनलचे लाल मफलरवाले हजारो लोक एवढ्या लांब जातात कसे, आणि शिकायला आल्यावर तुला ते जमेल का? सगळं नीट लिहिते.

आधी एक फरक ध्यानात घे. कोल्हापुरात पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी तरुण मंडळ असो, सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. पेठेतून चालत निघालं की झालं. त्यामुळे ‘बाहेरची मॅच’ ही गोष्टच आपल्याकडे नाही. इथे प्रत्येक क्लबचं स्वतःचं मैदान, म्हणून निम्मे सामने दुसऱ्याच्या गावात. प्रीमियर लीग म्हणजे इथली सगळ्यात वरची श्रेणी; तिच्या नियमाप्रमाणे पाहुण्या पाठीराख्यांना 3,000 किंवा मैदानाच्या क्षमतेच्या 10 टक्के, यांतला जो आकडा कमी तेवढ्या जागा द्याव्या लागतात. तिकीट 30 पौंडांच्या वर नाही. ही मर्यादा 2016 पासून आहे आणि पाठीराख्यांनी भांडून मिळवलेली आहे, हे विसरू नकोस.

तिकीट मात्र सहज मिळत नाही. मोठ्या क्लबांत आधी सीझन तिकीटवाले, म्हणजे हंगामभराचं तिकीट एकदम घेतलेले, त्यातही जे पूर्वी जास्त बाहेरच्या सामन्यांना गेले ते पुढे. नवीन सभासदापर्यंत न्यूकॅसलसारख्या सामन्याचं तिकीट यायला काही वर्षं जातात. म्हणून पहिल्या वर्षी आर्सेनलच्या मागे लागू नकोस. लेटन ओरिएंट आणि चार्ल्टन हे लंडनचेच क्लब या 2024-25 च्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत आहेत. त्यांची बाहेरची तिकिटं बऱ्याचदा साध्या सभासदालाही मिळतात, आणि दिवस तितकाच खरा असतो. दोन गोष्टी कटाक्षाने पाळ. दलालाकडून तिकीट घ्यायचं नाही, कारण परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं इथे फौजदारी गुन्हा आहे आणि तुझं तिकीट फाटकावर रद्द निघू शकतं. आणि यजमानांच्या भागातलं तिकीट काढून गुपचूप बसायचं नाही. आपल्या संघाने गोल केला की तोंडावर दिसतंच, मग स्ट्युअर्ड, म्हणजे मैदानावरचे रखवालदार, बाहेर काढतात.

आता प्रवास. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनपासून न्यूकॅसलपर्यंत रेल्वेने 268 मैल, म्हणजे साधारण 430 किलोमीटर. गाडीला सुमारे तीन तास लागतात. इथल्या लांबच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं आगाऊ मिळतात, पण ती ठरलेल्या एकाच गाडीला चालतात आणि परत करता येत नाहीत. नवखा माणूस फसतो तो इथेच. सामन्यांची यादी जूनमध्ये लागते, तारीख बघून हा लगेच रेल्वेचं तिकीट काढतो, आणि पुढे टीव्हीवाले तो सामना शनिवारी साडेबाराला, नाहीतर रविवारी, नाहीतर सोमवारी रात्री नेतात. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, म्हणून टीव्हीचा सामना एकतर लवकर नाहीतर उशिरा. तेव्हा टीव्हीची निवड जाहीर झाल्याशिवाय रेल्वेला पैसे द्यायचे नाहीत. 16 ते 25 वयाच्यांचं रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, भाड्यात एक तृतीयांश सूट देतं. आल्या आल्या ते काढ, पहिल्या-दुसऱ्या फेरीतच पैसे वसूल होतात.

साडेबाराच्या सामन्याला साडेअकरापर्यंत मैदानाजवळ असावं लागतं. म्हणजे सातच्या आसपासची गाडी, म्हणजे घरातून साडेपाच-सहाला बाहेर. परतीची गाडी साडेतीनच्या आधीची घेऊ नकोस. सामना संपतो अडीचच्या सुमारास, मग उतरणं, गर्दी आणि स्टेशनपर्यंतची चाल.

जाताना गाडीत उजव्या हाताला बस. डरहॅमच्या उंच पुलावरून कॅथेड्रल दिसतं, आणि न्यूकॅसलात शिरताना टाइन नदीवरचे पूल एकामागे एक उलगडतात. पराभवाच्या दिवशीसुद्धा एवढं तरी पदरात पडतं.

पिशवी लहान ने. ए-4 कागदापेक्षा मोठी पिशवी बहुतेक मैदानांवर आत सोडत नाहीत. फराळ न्यायचा तर स्टीलचा डबा नको, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत शंकरपाळी आणि चिवडा ने. पाण्याच्या बाटलीचं झाकण फाटकावर काढून घेतात, कारण भरलेली, झाकण लावलेली बाटली फेकली तर दगडासारखी लागते. फटाका, धुराची नळकांडी यांतलं काहीही खिशात नको. आपल्याकडे विजयाला गुलाल आणि फटाके ठरलेले, इथे ते जवळ बाळगून आत शिरायचा प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला 1985 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून पिणारे मध्यंतराला आतल्या मार्गिकेत गर्दी करतात. तुला चहा हवा असेल तर मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उतर.

सेंट जेम्स पार्क हे न्यूकॅसलचं मैदान रेल्वे स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांवर, चढावर, शहराच्या ऐन मध्यात आहे. पाहुण्यांची जागा लीझेस बाजूच्या अगदी वर, सातव्या मजल्यावर. चौदा जिने चढावे लागतात. एका दमात चढायला जाऊ नकोस. पहिले चार-पाच जिने सगळे गात गात चढतात, आठव्यानंतर गाणं थांबतं आणि फक्त श्वास ऐकू येतात. कठड्याच्या बाजूने चढ, थांबायचं असेल तर वळणावरच्या सपाट जागेत थांब, मधल्या पायरीवर नाही. ज्यांना चढणं जमत नाही त्यांनी क्लबला आधी कळवून लिफ्टची सोय करून घ्यावी. वर पोचलास की लगेच रांगेत घुसू नकोस, क्षणभर उभा राहून नजर स्थिर होऊ दे. उतार तीव्र आहे, खाली बघताना पोटात गोळा येतो. बसायला खुर्ची असते, पण पाहुण्यांच्या भागात सगळे नव्वद मिनिटं उभेच असतात. म्हणून बूट जुने आणि सवयीचे घाल. नोव्हेंबरात तिथला वारा अंगात शिरतो, एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे.

त्या जागेबद्दल लोक कुरकुर करतात, खेळाडू मुंगीएवढे दिसतात म्हणून. मला विचारशील तर खेळ शिकणाऱ्या पोराला यापेक्षा चांगली जागा नाही. तू मधल्या फळीत खेळतोस, म्हणून हे जरा खोलात जाऊन लिहिते.

गोल 12व्या मिनिटालाच झाला. न्यूकॅसलच्या अँथनी गॉर्डनने उजवीकडून क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलसमोर चेंडू, टाकला आणि त्यांच्याच अलेक्झांडर इसाकने डोक्याने जाळ्यात घातला. टीव्हीवर तुला इसाकची उडी दिसली असेल. वरून बघणाऱ्याने क्रॉसच्या आधीचं बघायचं. क्रॉस टाकणाऱ्याला मान वर करून निशाणा धरायला वेळ मिळाला की आतल्या बचावपटूची पंचाईत होते. त्याला एका डोळ्याने चेंडू आणि दुसऱ्याने माणूस सांभाळावा लागतो, आणि धावत येणारा नेहमी अर्धं पाऊल पुढे असतो.

त्यानंतर तासाहून जास्त वेळ होता, तरी बरोबरी साधली नाही. का, ते वरून स्वच्छ दिसतं. आर्सेनलचा चेंडू घोड्याच्या नालासारखा फिरत राहिला: डाव्या बगलेवरून मागे, मधल्या एका बचावपटूकडून दुसऱ्याकडे, तिथून उजव्या बगलेला, आणि पुन्हा उलट. नालाच्या आतली जागा न्यूकॅसलच्या ब्रूनो गिमारायस, जोएलिंटन आणि बाकीच्यांनी एकमेकांना चिकटून बंद केली होती. त्या जागेत पाठीवर माणूस घेऊन चेंडू मागणारा आमचा कर्णधार मार्टिन ओडेगार्ड. सप्टेंबरात नॉर्वेकडून खेळताना त्याचा घोटा दुखावला आणि तो अजून बाहेरच आहे. तो नसला की उजव्या बगलेवरच्या आमच्या बुकायो साकाला चेंडू मिळतो तो उभ्या उभ्या, आणि तोवर दोघे जण समोर येऊन ठाकलेले असतात. कॉर्नर हे एरवी आर्सेनलचं हुकमी हत्यार, पण समोर त्यांचा 6 फूट 7 इंचांचा बचावपटू डॅन बर्न उभा असला की तेही बोथट होतं. संपूर्ण सामन्यात आर्सेनलचा गोलच्या नेमक्या रोखाने गेलेला फटका एकच. भरपाईच्या वेळेत आमच्या डेक्लन राइसने डोक्याने मारलेला चेंडू बाहेर गेला तेव्हा सगळ्या कोपऱ्याचे हात आधीच वर गेले होते. ते हात तसेच डोक्यावर आले.

लीगमध्ये आता सलग तीन सामने विजयाविना. गेल्या वर्षी 4 नोव्हेंबरलाही याच मैदानावर 1-0, तेव्हा गोल गॉर्डनचा. तो पराभव पंचांच्या निर्णयावर ढकलता आला, तीन-तीन गोष्टींची तपासणी झाली होती. या वेळी ढकलायला काही नव्हतं. असा पराभव जास्त लागतो.

हरल्यावर काय करायचं तेही सांगते. शिटी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही. खेळाडू पाहुण्यांच्या कोपऱ्याकडे येऊन टाळ्या वाजवतात, तेव्हा आपणही वाजवायच्या. एवढ्या वरून त्यांना आपले चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात. उतरताना घाई करू नकोस, चौदा जिने उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त बोलतात. मफलर आत घाल, रस्त्यात कुणी डिवचलं तर उत्तर द्यायचं नाही. तसे न्यूकॅसलचे लोक मोकळे आहेत, स्टेशनच्या वाटेवर कुणी ना कुणी बोलायला येतंच. गाडीत पहिला तासभर कुणी बोलत नाही. यॉर्क मागे पडलं की कुणीतरी ‘ओडेगार्ड असता तर’ म्हणतो आणि मग लंडनपर्यंत चर्चा थांबत नाही. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, म्हणून परतीला खिडकीचा उपयोग नाही. फोनला चार्ज ठेव, तिकीट त्यातच असतं.

बुधवारी मिलानला इंटर या इटलीच्या क्लबशी सामना आहे. ओडेगार्ड परत येतोय का याकडे इथे सगळ्यांचे डोळे लागलेत.

तोवर तुला एक काम. शाहू स्टेडियमवर पुढची मॅच असेल तेव्हा नेहमीच्या जागी पोरांमध्ये बसू नकोस, गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जा. पहिली वीस मिनिटं चेंडू बघायचा नाही, चेंडूपासून दोन पास लांब कोण कुठे उभा आहे तेवढंच बघायचं. बगलेचा बचावपटू पुढे गेला की त्याच्या मागची जागा कोण भरतो, किती पावलांनी उशीर करतो, ते वहीत मांडून मला फोटो पाठव. आणि रेलकार्डासाठी पासपोर्ट साइजचा फोटो लागतो, तो आत्ताच काढून ठेव.

तुझी,
आत्या