विश्वासाबरोबर समजही वाढू द्या

माननीय संपादक,

एकदा विश्वास ठेवला की देव कळला, असे अनेक ख्रिस्ती घरांत गृहीत धरले जाते. नागपुरात शास्त्रपाठाचे, म्हणजे बायबल-अभ्यासाचे, वर्ग घेणारे आम्ही शिक्षक याविषयी लिहीत आहोत, कारण या गैरसमजापायी चांगली श्रद्धाळू मुले पहिल्याच संकटात खचतात.

योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा, नववा अध्याय पाहा. जन्मांधाला दृष्टी येते. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा तो एवढेच सांगतो, की येशू नावाच्या माणसाने चिखल करून डोळ्यांना लावला (वचन ११). परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी पुढारी, उलटतपासणी घेतात, तेव्हा तो येशूला संदेष्टा म्हणतो (१७). दमदाटी वाढते तसा तो आणखी ठाम होतो: हा देवाकडचा नसता तर त्याला काहीच करता आले नसते (३३). शेवटी त्याला बाहेर घालवतात, येशू त्याला शोधून भेटतो आणि तेव्हा कुठे तो 'प्रभू' म्हणून नमन करतो (३८). डोळे उघडले ते शिलोहाच्या तळ्यावर, सातव्याच वचनात; ओळख पटायला मात्र जवळजवळ सगळा अध्याय लागला. तीही अडचणीच्या प्रश्नांना तोंड देता देता. म्हणून वर्गात शंका विचारणाऱ्याला गप्प बसवू नये, असे आम्हाला कळकळीने वाटते.

बिघडते ते सुट्या वचनांमुळे. यिर्मया २९:११ किती घरांत फ्रेम करून लावलेले असते! देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे खरेच. पण हे वचन यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान झालेल्या यहूद्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याआधीच्या दहाव्या वचनात बाबेलमधल्या बंदिवासाची सत्तर वर्षे आहेत आणि पाचव्यात घरे बांधा, मळे लावा अशी आज्ञा आहे. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. हे ठाऊक नसलेला तरुण चार महिन्यांत नोकरी लागली नाही की देवावर रुसतो. त्याचा विश्वास खोटा नसतो, त्याला अर्धेच शिकवलेले असते.

सुरुवात मार्कापासून करावी. १६ अध्यायांचे हे सर्वांत छोटे शुभवर्तमान. रोज दहा-पंधरा वचने मोठ्याने दोनदा वाचावीत. पहिल्या वाचनात कोण कोणाशी बोलतो ते पाहावे, दुसऱ्यात देवाविषयी काय कळले ते तारीख घालून वहीत एका ओळीत लिहावे. न कळलेले समासात टिपावे, उत्तरासाठी लगेच धावाधाव नको. मग त्याच वचनांवरून आपल्या शब्दांत प्रार्थना. उत्साहाच्या भरात आठवड्यात चार अध्याय उरकणाऱ्याची वही पंधरवड्यात बंद पडते. दर तीन महिन्यांनी जुन्या नोंदी चाळाव्यात: काही प्रश्न सुटलेले असतात, काही अधिक खोल गेलेले. मन कोरडे पडले तर स्तोत्र ८८ वाचावे. ते अंधारातच संपते, तरी त्यातली हाक देवालाच आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनचे काम सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मात्र त्यांनी १९१७ साली उभारला. समज वाढायला लागलेली मधली बावीस वर्षे लक्षात घ्यावीत.

शहरातील पाळकांना विनंती, की दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी) झाल्यावर मुलांना मोकळे सोडू नये. पुढचे वर्षभर, आठवड्यातून एक तास, एखादे शुभवर्तमान त्यांच्यासोबत बसून सलग वाचावे.

– शास्त्रपाठ वर्गांचे शिक्षक, सदर, नागपूर