दादा, गाडीची एकही वायर कापू न दिल्याबद्दल थँक्यू

प्रिय दादा,

हे तुम्हाला फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात, म्हणून आता लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण जुन्या गाडीच्या टेपवर फोनमधली गाणी कशी लावायची म्हणून डोकं धरून बसलेले माझ्यासारखे बरेच असणार, त्यांनाही कळू दे तुम्ही नेमकं काय केलंत ते.

गाडी आईची आहे हे तुम्हाला माहितीच आहे. त्यातला डेक, म्हणजे टेप, कंपनीतून बसून आलेला, कॅसेट आणि रेडिओवाला, डिकीत सीडी चेंजर (बऱ्याच सीडी ठेवून एकेक बदलणारा डबा) होता तो बंद पडल्यावर कधीच काढून ठेवला. ऑक्स (फोन वायरने जोडायची जागा) नाही, यूएसबी नाही, काही नाही. पण आवाज अजून खणखणीत आहे आणि आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण आईला रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडतं. इतकी वर्षं तिचा हात तिथे बरोबर जातोय. तिला डेक बदलायचा नव्हता, तिला फक्त तिची गाणी हवी होती आणि ती गाणी आता फोनमध्ये आहेत.

तुमच्याकडे यायच्या आधी मी काय काय करून बसलो होतो ते तुम्ही एकदाही हसला नाहीत, नीट ऐकून घेतलंत. पहिला तो लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समिटर. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये मोकळी जागा शोधायची, तिथे फोनची गाणी सोडायची आणि रेडिओने ती पकडायची. मोकळी जागा सापडली तरी थोडं पुढे गेलं की तिथे कुठलं तरी स्टेशन घुसतं, शिवाय मागे सतत खरखर. तुम्ही तेव्हा सांगितलंत की एफएमवर मुळात १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही आणि या ट्रान्समिटरची ताकदही मुद्दाम अगदी कमी ठेवलेली असते, म्हणजे तो बिघडलेला नव्हता, तो तेवढाच. मग कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॅप्टर आणला. तो खरं तर बरा निघाला, डेकचं हेड टेपवरचं चुंबकीय क्षेत्र वाचतं तर अ‍ॅडॅप्टरमध्ये तसंच एक छोटं हेड समोर बसवलेलं असतं आणि ते फोनचा आवाज थेट त्याला देतं, आवाज एफएमपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण आमचा डेक ऑटो रिव्हर्सवाला, तो थोड्या थोड्या वेळाने खट करून साइड बदलायचा आणि गाणं गायब. वर ती वायर गिअरच्या दांड्यात लोंबायची, आईला त्याची भीतीच वाटायची.

शेवटी एका फिटरकडे गेलो. त्याने डेक बघितला सुद्धा नाही, म्हणाला हे सगळं काढून टाकू, मागचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, कापू आणि मोठी टच स्क्रीन बसवू. शनिवारची वेळ पण ठरली. शुक्रवारी रात्री सहज तुम्हाला फोन केला, म्हटलं तुम्हाला यातलं कळतं तर विचारून घेऊ कुठली स्क्रीन चांगली. आणि तुम्ही म्हणालात, "थांब. काही कापू नकोस. आधी मागे काय आहे ते बघू."

दादा, या एका वाक्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

रविवारी तुम्ही आलात तेव्हा मी पाने-पकडी मांडून तयार होतो आणि तुम्ही पहिलं काय विचारलंत तर, "डेकचा कोड कुठाय?" मला कोड असतो हेच माहीत नव्हतं. बॅटरी काढली की असे डेक लॉक होतात, चोरी होऊ नये म्हणून ती सोय, आणि कोड नसेल तर चालू डेक नुसता डबा होऊन बसतो, चुकीचा कोड परत परत टाकला तर अजूनच अडकतो. ग्लोव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलच्या कव्हरात चार आकड्यांचं कार्ड सापडलं तेव्हाच तुम्ही १० नंबरचा पाना हातात घेतलात आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलंत. डेकच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक भोकं आहेत हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्यात यू आकाराच्या दोन पिना घातल्या, आतून टक आवाज आला आणि १८० बाय ५० मिलिमीटरचा तो डेक अलगद हातात आला. डॅशबोर्डवर एक ओरखडा नाही.

मागे कपलर दिसले. दोन मोठे, एक पॉवरचा एक स्पीकरचा, आणि वर छोटे रंगीत, त्यातला निळा बघून तुम्ही इतके खूश झालात की मला कळेना काय झालं. निळा म्हणजे सीडी चेंजरचा. त्यात लेफ्ट, राइट आणि त्यांची ग्राउंड (परतीची वायर) अशा तीन पिना असतात, म्हणजे डेकच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारा सरळ रस्ता आधीपासून तयारच होता, आम्ही एवढी वर्षं त्यावर बसून होतो! फक्त अडचण अशी की डेक तो रस्ता उघडत नाही जोपर्यंत त्याला समोर चेंजर असल्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून इम्युलेटर. काड्यापेटीएवढी डबी, ती डेकला सांगत राहते की मी चेंजर आहे, एक नंबरची सीडी चालू आहे, आणि डेक विश्वास ठेवून आवाजाचं दार उघडतो. बाकी लेफ्ट-राइटवर ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की झालं. डिकीत जाणाऱ्या जुन्या केबलचा कपलर नुसता बाजूला केला, आपली केबल त्या जागी लावली. सगळं परत होतं तसं करता येईल असं.

पॉवरच्या वायरच्या वेळी मी घाई करत होतो ते आठवतंय. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट आणि लाल म्हणजे चावी फिरवल्यावर, असं मी वाचलं होतं, तर तुम्ही म्हणालात ते बाजारातल्या डेकचं, कंपनीच्या वायरिंगमध्ये रंगावर जायचं नाही, पिन मोजायची, आणि काही गाड्यांत तर या दोन पिनांच्या जागाच उलट असतात. निगेटिव्ह परत लावून मल्टिमीटरने मोजलं. चावी बंद असताना एकीवर १२.६ आणि दुसरीवर शून्य, चावी फिरवली की दुसरी पण वर. रिसीव्हर त्या दुसऱ्या पिनेवर घ्यायचा हे तुम्ही मला तीनदा बजावलंत, नाहीतर तो दिवसरात्र थोडा थोडा करंट खात बसतो आणि गाडी काही आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरते. मध्ये एक अँपिअरचा फ्यूज, मग १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, जोड सोल्डर करून त्यावर कापडी टेप. साधी इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते हे पण त्याच दिवशी शिकलो.

गाणं लागलं. आणि गाडी चालू केल्या केल्या शिट्टी!

ती शिट्टी मी विसरणार नाही. रेस दिली की वर चढायची, सोडली की खाली. गाणं हळू असलं की शिट्टीच जास्त ऐकू यायची. माझं तोंड पडलेलं बघून आई म्हणाली राहू दे रे, आहे ते बरं आहे. तोपर्यंत तुम्ही घरी पोचला होतात. मी फोन केला आणि म्हटलं रिसीव्हर खराब निघाला, दुसरा मागवतो. तुम्ही म्हणालात मागवू नकोस, घरात पॉवर बँक आहे का? रिसीव्हरला गाडीची पॉवर काढ आणि पॉवर बँकेवर चालव, बाकी काही हलवू नकोस. फोन स्पीकरवर ठेवून, एका हाताने केबल धरून मी तसं केलं आणि इंजिन चालू ठेवून रेस दिली.

काही नाही. नुसतं गाणं. शिट्टीचा मागमूस नाही. तुम्हाला पण फोनवर ते ऐकू गेलं आणि तुम्ही नुसतं "हां" म्हणालात, ते "हां" माझ्या कानात आहे अजून.

मग तुम्ही समजावलंत की रिसीव्हर चांगला आहे, वायरी पण चांगल्या आहेत, ग्राउंडला दोन रस्ते मिळालेत एवढंच. एक पॉवरच्या वायरीतून, एक आवाजाच्या केबलमधून. दोन्ही ठिकाणच्या ग्राउंडमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची गडबड त्यातून फिरते आणि डेक बिचारा ती पण गाणं समजून वाजवतो. पॉवर बँक लावली की एक रस्ता तुटतो म्हणून शांत. यावर बाजारात आवाजाच्या केबलमध्ये लावायचा आयसोलेटर मिळतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, पण स्वस्तातला घेतला तर तो खालचा बास खाऊन टाकतो, त्यापेक्षा पॉवरच वेगळी करू असं तुम्ही ठरवलंत. बोटाच्या पेराएवढा एक कन्व्हर्टर, ५ व्होल्ट आत ५ व्होल्ट बाहेर पण दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी. पुढच्या रविवारी तेवढ्यासाठी तुम्ही परत आलात. तो बसवला, मी रेस दिली, आई मागच्या सीटवर बसून ऐकत होती, ती म्हणाली "आता गेली."

बाकीच्या गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात पण रोज उपयोगी पडतायत, म्हणून इथे लिहितो. रिसीव्हर डेकच्या मागे पत्र्याच्या पिंजऱ्यात ठेवला होता तेव्हा गाणं तुटायचं, ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पत्र्यातून ते नीट बाहेर येत नाही. तोच ग्लोव्ह बॉक्सच्या प्लॅस्टिकमागे सरकवला आणि तुटणं बंद. फोनचा आवाज पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त डेकच्या बटणाने करायचं, उलटं केलं की मागची खरखर पण मोठी होते. आणि कॉलचं तर मला सुचलंच नसतं. रिसीव्हरला माइक लावलेला नाही, तरी फोन आला की तो गाडीवर जायचा आणि समोरच्याला आईचं काहीच ऐकू जायचं नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या रिसीव्हरपुढे कॉल बंद आणि मीडिया चालू एवढंच केलं, मिटलं.

ब्लूटूथने क्वालिटी जाते का असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) पण सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास जातं, चालत्या गाडीत टायरचा आवाज असताना त्यातलं कमी-जास्त कळणार नाही, कळते ती शिट्टी आणि खरखर, आधी ती घालव. मी नंतर वायर लावून आणि ब्लूटूथवर असं दोन्ही ऐकलं. मला फरक लागला नाही.

अजून एक राहिलं. आईच्या जुन्या कॅसेट टाकू नकोस म्हणालात, त्या आता कॉम्प्युटरवर घेतोय. साठ मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण एक तास लागतो, घाई करताच येत नाही, संध्याकाळी एक लावून ठेवतो आणि शेजारी बसतो. रिसीव्हरला पेन ड्राइव्हची जागा आहे, तर तो फॅट ३२ या फाइल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट करून एमपी३ टाकले. गाणी नावाच्या क्रमाने न वाजता ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजतात हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी परत सगळं मोडीत काढलं असतं. आता आई फोन पर्समध्येच ठेवते. गाडीत बसली, चावी फिरवली की डेकवर सीडी १ येतं आणि तिची गाणी सुरू. हात त्याच गोल बटणावर.

दादा, तुमचे दोन रविवार गेले, फोन किती झाले त्याची मोजदाद नाही, आणि तुम्ही एकदाही मला बाजूला करून स्वतः काम उरकलं नाहीत, दर वेळी मीटर माझ्या हातात दिलात आणि काय आकडा येतो ते मला वाचायला लावलंत. मनापासून आभार. आईनेही सांगायला सांगितलंय.

डेक काढायच्या पिना आणि कोडचं कार्ड परत मॅन्युअलच्या कव्हरात ठेवलंय. तुमचा मल्टिमीटर मात्र अजून माझ्याकडेच आहे, येत्या रविवारी गाडी घेऊनच येतो, तुम्ही स्वतः एकदा ऐका.

तुमचा,
आईच्या गाडीवाला