सराट्याची पूड घ्या, पण गोळ्या सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळीवेशीत आमचे काष्ठौषधीचे दुकान आहे. हल्ली मोबाइलवर एक निरोप फिरतोय: सराट्याची पूड रोज चमचाभर घ्या, गुडघ्याची सूज उतरेल, गोळ्या बंद करा. लोक मोबाइल पुढे धरून पूड मागतात. गोखरू, म्हणजे हाच सराटा, विकून माझे घर चालते, तरीही त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

सराटा आपल्याकडे कोणाला सांगायला नको. माळावर, बांधावर पसरतो, पिवळी फुले येतात. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात. एकेका तुकड्याला दोन मोठे, दोन लहान काटे. हाच आयुर्वेदातला गोक्षुर, दशमूळ या दहा मुळांच्या औषधातला एक. वैद्य तो मुख्यतः लघवीच्या तक्रारींवर देतात. सुजेवरही देतात, आणि त्यात तथ्य आहे. प्रयोगशाळेत उंदरांच्या पंजाला मुद्दाम सूज आणून या फळाचा अर्क दिला, तेव्हा ती कमी झाली. सूज आणि वेदना वाढवणारे कॉक्स-२ नावाचे विकर (एन्झाइम) पेशींमध्ये या अर्काने दबते, असेही दिसले आहे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही त्याच विकराला अडवतात. पण तो अर्क मोजून काढलेला होता आणि सूज उंदराच्या पंजाची होती. त्यावरून माणसाचा आमवात चमचाभर पुडीने जाईल, असे म्हणता येत नाही.

पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या एक अक्का आमच्याकडे येतात. त्यांनी असाच निरोप वाचून आमवाताच्या गोळ्या सोडल्या. परवा आल्या तेव्हा बोटांची पेरे टचटचीत सुजली होती, पाने कापायच्या कात्रीत अंगठा जात नव्हता. त्यांना मी पूड दिली नाही, डॉक्टरांकडे धाडले. आमवाताचे औषध मध्येच तुटले की सांधा आतून खराब होत राहतो, आणि झालेली हानी भरून येत नाही. पाय सुजले तर आणखी सावध राहावे, कारण ती सूज मूत्रपिंडाची किंवा हृदयाचीही असू शकते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय गोखरू घेऊच नये.

दुसरे असे, की बाजारात गोखरू दोन प्रकारचे मिळतात. मोठा गोखरू हे वेगळेच झाड. त्याचे फळ चौधारी, बुडाशी चार काटे. ताजी पाने पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होते. दळल्यावर कोणता कोणता हे मलाही नुसत्या नजरेने सांगता येणार नाही. म्हणून अख्खी फळे घ्या, काटे बघा, मग घरी कुटा.

आपल्या आरोग्य पुरवणीत घरगुती उपाय छापून येतात, लोक ती कात्रणे घेऊन दुकानात येतात, इतका त्यांचा विश्वास आहे. तेव्हा वनस्पतीच्या नावासोबत तिचा कोणता भाग, किती मात्रा आणि कोणी घेऊ नये, एवढे जरूर छापावे. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, ही ओळ ठळक अक्षरांत.

आपला,
एक काष्ठौषधी विक्रेता
बाळीवेस, सोलापूर