लोगो दिसला म्हणून मुलांचे फोटो बाद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकमधल्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं चित्रकला शिकवते. गेल्या महिन्यात माझ्या सातवीतल्या एका विद्यार्थिनीचा फोटो शहरातल्या एका बालकला स्पर्धेतून बाद झाला. कारण एका ओळीत कळवलं होतं : 'छायाचित्रात कंपनीचा लोगो दिसत असल्याने कॉपीराइटचा प्रश्न येऊ शकतो.' राहवलं नाही म्हणून हे पत्र.

विषय होता 'माझं नाशिक'. मुलगी वडिलांबरोबर रविवार कारंजावर गेली होती. पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली. हार विकणाऱ्या एक आजी शीतपेयाच्या जाहिरातीच्या लाल छत्रीखाली बसलेल्या, दोऱ्याचं टोक दातात, मांडीवर झेंडूचा ढीग. ऊन पडलं आणि छत्रीचा लाल रंग आजींच्या पांढऱ्या केसांवर उतरला. नेमका तो क्षण तिनं पकडला. लोगो दिसतो, पण अर्धाच, छत्रीच्या चुणीत मुडपलेला. आयोजकांनी तो पुसून फोटो पुन्हा पाठवायची मुभा दिली होती. तिनं मोबाइलवर पुसायला घेतला तर छत्रीवर राखाडी डाग पडला. 'मॅडम, छत्री फाटल्यासारखी दिसतेय आता,' म्हणाली आणि फोटो पाठवलाच नाही.

आयोजकांची भीती अगदीच हवेतली नाही, हे मला मान्य आहे. लोगो हे कुणीतरी काढलेलं चित्रच असतं, त्यामुळे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण त्याला मिळू शकतं. शिवाय तो बहुधा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदवलेला असतो. पण हे दोन कायदे वेगवेगळ्या गोष्टी राखतात आणि आपण त्यांची सरसकट खिचडी करतो. ट्रेडमार्कचा प्रश्न येतो तो त्या चिन्हाचा व्यापारात वापर झाला तर. त्या चिन्हाच्या आडून कुणी आपला माल विकू नये, गिऱ्हाईक फसू नये, यासाठी तो कायदा आहे. बारा वर्षांची मुलगी काय विकत होती? कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये तर सवलतींची मोठी यादीच आहे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचं चित्र किंवा फोटो काढायला आणि छापायला तिथे परवानगी आहे. चित्रपटात एखादी कलाकृती नुसती पार्श्वभूमीला किंवा ओघात येत असेल तर तेही चालतं. दादासाहेब फाळक्यांच्या त्र्यंबकेश्वरपासून तासाभरावर राहणाऱ्या आपल्याला हे ठाऊक असायला हवं. फोटोतल्या पार्श्वभूमीसाठी मात्र इतक्या स्पष्ट शब्दांत सवलत लिहिलेली नाही आणि आयोजक बिचकतात ते बहुधा इथेच. तरीही ओघात आलेला अर्धा लोगो आणि मुद्दाम उचललेला लोगो यांतला फरक परीक्षकांना दिसायलाच हवा. ते चित्रं बघायलाच तर बसलेले असतात.

माझ्याच वर्गातल्या एका मुलानं चॉकलेटच्या वेष्टनाचा फोटो काढून आणला होता. चौकटभर फक्त कंपनीचं नाव, दुसरं काही नाही. त्याला मी स्वतःच थांबवलं. 'हे दुसऱ्या कुणीतरी काढलेलं चित्र आहे, यात तुझं काय आहे ते सांग,' एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तेच वेष्टन गटाराच्या जाळीवर अडकलेलं, त्याभोवती पाणी तुंबलेलं, असा फोटो घेऊन आला. नाव दोन्हींत दिसतं, पण दुसरा फोटो त्याचा आहे. आयोजकांना पुढे कॅलेंडर किंवा टी-शर्ट छापून विकायचे असतील तर मात्र लोगो ठळक दिसणारे फोटो त्यांनी जरूर वगळावेत. कारण तिथे व्यापार आला. भिंतीवर प्रदर्शन लावताना तेवढी धास्ती कशाला?

स्मरणचित्राच्या तासाला आम्ही मुलांना बाजार काढायला लावतो. मेन रोड काढायचा आणि पाट्या कोऱ्या ठेवायच्या, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मोबाइलच्या दुकानांचे फलक, शटरवर रंगवलेल्या सिमेंटच्या जाहिराती, रिक्षांच्या पाठीवरचे स्टिकर, या सगळ्यांतूनच मुलं रोज शाळेत येतात.

आणि ज्या कॉपीराइटची खरी काळजी करायला हवी होती, त्याचा विचार कुणी केलाच नाही. त्याच प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : 'सर्व कलाकृतींचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील.' खाली पालकांची सही. मी स्वतः बेचाळीस पालकांकडून ती सही आणली आणि तेव्हा ती ओळ वाचलीही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मुलानं स्वतःच्या मनानं काढलेल्या फोटोचा पहिला मालक ते मूलच असतं. त्यासाठी नोंदणी लागत नाही. हा हक्क त्याच्या आयुष्यभर आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला लिहून दिला तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा अधिकार कलम 57 प्रमाणे त्याच्याकडेच राहतो. एका प्रमाणपत्राच्या बदल्यात एवढं सगळं कायमचं मागायचं आणि छत्रीवरच्या लोगोसाठी फोटो परत करायचा, हे मला पटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्पर्धांचे अर्ज पुन्हा येतील. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की ते छापण्यापूर्वी एखाद्या वकिलाला दाखवावेत आणि त्यात तीन वाक्यं घालावीत : 'ओघात दिसणाऱ्या पाट्या, जाहिराती, लोगो चालतील, फक्त लोगोचाच फोटो नको. कलाकृतीचा हक्क मुलाकडेच राहील. आम्ही ती या वर्षीच्या प्रदर्शनात आणि स्मरणिकेत मुलाच्या नावानिशी वापरू.' शिक्षकांनी आणि पालकांनीही सही करण्याआधी तळाची ओळ वाचावी. पसंत नसेल तर ती खोडून, शेजारी सही करून अर्ज द्यावा. स्वीकारायचा की नाही ते आयोजक ठरवतील, पण निदान विचारणा तरी होईल.

त्या मुलीला मी तिचा मूळ फोटो दुसऱ्या एका स्पर्धेसाठी द्यायला सांगितलं आहे. छत्री आहे तशीच ठेवून.

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका,
पंचवटी, नाशिक